तीनशे एकसष्टावं पान

मांजरी गावचा गेनबा पुण्यात पत्रावळीची पानं आणायचा. आठवड्यातून दोनदा, डोक्यावर भारा, कमरेला कोयता, गालात तंबाखू. निम्म्या कसब्याची जेवणं त्याच्या पानांवर झाली. बाळ्या, तुझ्या बापाच्या मुंजीची पानं त्याचीच. तिथं लाडू मोजायला मला बसवलं होतं आणि सहा लाडू कमी भरले. ते कुठं गेले हे तुझ्या आजीला मरेपर्यंत कळलं नाही. असो.

हसून घ्या. मी सांगतोय म्हणजे थापच असणार, असं मनात आलं असेल तर तेही येऊ द्या. पाठशाळेत गुरुजींच्या पागोट्यात बेडूक ठेवला म्हणून तिसऱ्या वर्षी हाकललेला माणूस मी. मंत्र अर्धे येतात, उरलेले ओठ हलवून भागवतो. पण मोजायला पक्का. म्हणून मोठमोठे भटजी मला बरोबर न्यायचे. समिधा मोज, दर्भ मोज, पिंड मोज. त्या मोजण्यापायीच ही गोष्ट मला ठाऊक झाली. घडली ती गेनबावर.

शके सोळाशे चौऱ्याण्णव. पौष शुद्ध सप्तमीची रात्र. आजचीच तिथी, सव्वीस वर्षांपूर्वीची. माधवराव श्रीमंत थेऊरला देवाघरी गेले त्याला दोन महिनेही झाले नव्हते. आणि पानपताला त्या अष्टमीला बारा वर्षं पुरी होत होती.

तुमचा कुणाचा तेव्हा जन्म नव्हता. तुम्ही पानपत ऐकता ते शाहिराच्या डफावर. आम्ही ते दारात बसून काढलं. बातमी एकदम आलीच नाही हो. तुकड्यातुकड्यांनी आली. आज कळायचं, फौज हरली. उद्या कळायचं, नाही, मागे फिरली आहे. परवा एखादा यायचा, पायाची बोटं थंडीनं झडलेली, आणि ओटीवर बसून नुसता जोंधळ्याच्या भाकरीकडं बघत राहायचा. त्याला विचारायला गल्लीतल्या सगळ्या बायका जमायच्या. आमचे दिसले का? निळं पागोटं, हातात पेटी? तो मान हलवायचा. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही ठाऊक नसायचं.

मी तेव्हा बावीस वर्षांचा. गाढव. एक दिवस भर दुपारी गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो आणि ओरडलो, "आले, आले." थट्टा म्हणून. सवयच तशी. पुढच्या क्षणी पस्तीस-चाळीस बाया रस्त्यावर होत्या. कुणाच्या हाताला कणीक, कुणाचं मूल काखेत अर्धं पीत होतं. सगळ्या माझ्या मागं बघत होत्या. मागं कुणी नव्हतं. मला कुणी मारलं नाही, शिवीसुद्धा दिली नाही. एकेक जण आत गेली. शेवटी एकटी उभी राहिली ती सतरा वर्षांची सगुणाबाई. ती मला म्हणाली, "नीट बघितलंत का?"

तर ही गोष्ट त्या सगुणाबाईची.

तिचा नवरा अनंतपंत फौजेबरोबर कारकून म्हणून गेला होता. गेला तो गेला. मेल्याची बातमी नाही, जगल्याची नाही. सगुणाबाईनं बारा वर्षं कुंकू लावलं. रोज एक पान जास्तीचं मांडायची आणि मग ते गाईला घालायची. धाकटा दीर गोपाळपंत, माणूस वाईट नव्हता. वहिनीला कधी उलट बोलला नाही. पण त्याची तीन मुलं पाळण्यातच गेली. चौथ्याच्या वेळी बायको गरोदर झाली तसा ज्योतिषी म्हणाला, थोरला भाऊ ताटकळत उभा आहे, त्याला वाट करून द्या.

वाट म्हणजे काय, तेही सांगतो, म्हणजे बाळ्या मध्ये तोंड घालणार नाही. परमुलखात गेलेला माणूस बारा वर्षं आला नाही तर त्याला मेला असं धरायचं. देह नसतो, म्हणून देह करायचा. माणसाची हाडं तीनशेसाठ, असं शास्त्र म्हणतं. म्हणून पळसाची तीनशेसाठ पानं आणायची, देठासकट. इतकी डोक्याला, इतकी छातीला, इतकी पायांना, अशी मोजून मांडायची. डोक्याच्या जागी नारळ. मग नदीवर नेऊन जाळायचं. जळलं की माणूस मेला. आणि त्याच दिवशी बायकोचं कुंकू, बांगड्या, केस, सगळं गेलं.

अष्टमीला विधी ठरला. पानांचं काम गेनबाला, मोजायचं मला.

चार दिवस आधी गेनबा पत्रावळी टाकायला आला तेव्हा सगुणाबाईनं त्याला परसदारी गाठलं. मी विहिरीपाशी होतो, मलाही बोलावलं. ती म्हणाली, "गेनबा, एक पान कमी आण."

गेनबाला कळेना. तिनं समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, जशी दळणाची गोष्ट. तीनशेसाठ हाडांचा माणूस. एक हाड कमी पडलं तर तो पुरता जळणार नाही. पुरता जळला नाही तर पुरता मेला नाही. लोकांनी खुशाल विधवा म्हणावं, केस न्यावेत. तिच्यापुरता तो कुठंतरी उरेल. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आणि तुम्ही तीनशेसाठ भरली म्हणून सांगायचं. खोटं बोलायला तुम्हाला काही नवं नाही."

मी हो म्हटलं. दुपारच्या उन्हात पाठमोऱ्या गेलेल्या त्या चाळीस बायकांचं काही देणं लागत होतो मी. गेनबाही हो म्हणाला. त्याचा भाऊ त्याच फौजेत घोड्यावर, बारगिरांत होता. तोही नव्हता आला.

सप्तमीला गेनबानं वाघोलीच्या माळावर जाऊन पानं तोडली. घरी येऊन मोजली. बायकोला, सरुबाईला, पुन्हा मोजायला लावली. तीनशे एकोणसाठ. भारा बांधला, जेवला, आणि चंद्र डोक्यावरून कलल्यावर निघाला. पहाटेला पानं दारात हवी होती, आणि मांजरीपासून पुणं चार कोसांच्या वर.

थंडी अशी की माळावरची कुत्रीसुद्धा गप्प. हडपसर मागं टाकलं. पानांचा भारा तो केवढा, एका हातानं तोलावा असा. गेनबा गाणं गुणगुणत चालला होता.

भैरोबाच्या नाल्याशी आला तेव्हा चंद्र बुडाला.

पाणी प्यावं म्हणून त्यानं भारा दगडावर ठेवला. खाली उतरला. ओंजळ भरली. आणि मागं पानं वाजली.

वारा म्हणावं, तर वारा नव्हता.

पुन्हा वाजलं. एक पान. मग थांबून दुसरं. मग तिसरं. एकसारखं... एकाच अंतरानं. गेनबानं जन्मभर पानं हाताळली होती. उंदीर शिरला की पान कसं वाजतं, शेळीनं ओढलं की कसं, त्याला ठाऊक होतं.

हे कुणीतरी मोजत होतं.

ओंजळीतलं पाणी गळून गेलं. तो वळला नाही. वळायचं नाही एवढं त्याला कळलं. उकिडवा बसून राहिला, पाण्याकडं तोंड करून. पान... पान... पान. किती वेळ, देव जाणे. पाय बधिर झाले.

मग वाजायचं थांबलं.

"तीनशे एकोणसाठ."

आवाज शहरी होता. हळू. दातावर दात वाजताहेत असा.

"एक कमी आहे."

गेनबा पाण्याकडंच बघत होता. तरी बोलला बिचारा. म्हणाला, "बाईंनीच सांगितलं जी... कमी आन म्हनून."



नाल्याचं पाणीसुद्धा वाजेना.

"...बरी आहे का?"

"बऱ्या हायती." मग त्याला राहवलं नाही. "तुमची वाट बघत्यात."

यावर जे गप्प झालं, ते फार वेळ गप्प राहिलं. गेनबा मला सांगायचा, तो आवाज ऐकताना नाही भ्यालो, त्या गप्प बसण्याला भ्यालो. मागं एक माणूस उभा आहे असं वाटेना. मागं सगळा माळ उभा आहे असं वाटायला लागलं. पार क्षितिजापर्यंत. आणि सगळे कुडकुडताहेत.

"पाय चालत नाहीत आता," आवाज म्हणाला. "एवढं घरापर्यंत नेशील?"

गेनबा उठला. डोळे मिटून मागं सरकला, चाचपडत भाऱ्याला हात घातला.

उचलेना.

दोन्ही हातांनी उचलला. गुडघा लावून पाठीवर घेतला. पानांचा भारा हो... नुसती पानं. आणि वजन एका माणसाचं. वाळलेल्या, उपाशी माणसाचं, पण माणसाचं. पाठीला गार लागत होतं. मानेवर काहीतरी टेकलं होतं... ते काय, ते त्यानं मला कधी सांगितलं नाही.

चालला.

पुण्याच्या वेशीपाशी चौकीवाल्यानं हटकलं. मशाल धरली, भाऱ्यात काठी खुपसली, पानंच निघाली. म्हणाला, "एवढ्याशा पानांखाली इतका वाकलास? म्हातारा झालास गेन्या." गेनबा बोलला नाही. बोलला असता तर ओरडला असता.

कसब्यात आला. गोपाळपंतांच्या दारात ओटीवर भारा टेकवला.

टेकवला तसं वजन गेलं. एकदम. गेनबा तोंडावर आपटला.

सगुणाबाई सडा घालायला बाहेर आली ती काळोखातच. गेनबानं तिला सगळं सांगितलं.  शेवटी तिनं एवढंच विचारलं, "आवाज कसा होता?"

"दात वाजत व्हते, बाई."

ती आत गेली. परतली ती अनंतपंताची जुनी धाबळी घेऊन. बारा वर्षं घडी न मोडलेली. ती तिनं त्या भाऱ्यावर पांघरली, कडा नीट आत खोचल्या, झोपलेल्या माणसाला खोचाव्यात तशा. मग दिराला जाऊन म्हणाली, भटजींना बोलवा, उशीर करू नका.

मी पोचलो तेव्हा मला म्हणाली, "खोटं बोलू नका आता. कमी असेल तर कमी सांगा. गेनबा जाऊन एक आणील."

मी मोजायला बसलो. जन्मात पहिल्यांदा खरं बोलायची तयारी करून बसलो होतो. तीनशे अठ्ठावन्न, तीनशे एकोणसाठ... आणि हातात आणखी एक पान होतं. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजली. भटजी खेकसले. गेनबा खांबाला टेकून माझ्याकडं बघत होता, त्याला मी मानेनंच सांगितलं. तीनशेसाठ. त्यानं डोळे मिटून घेतले.

ओंकारेश्वरापाशी नदीवर विधी झाला. धाबळीसकट जाळलं, भटजी नको म्हणत असताना. सगुणाबाईनं स्वतःच्या हातानं कुंकू पुसलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. न्हावी आला, गेला. ती रडली नाही. म्हणाली, घरी आले ते.

गोपाळपंतांना मुलगा झाला आणि तो जगला. गोष्ट इथं संपायला हवी होती. सांगणारा शहाणा असता तर संपवली असती.

नवमीला सकाळी सगुणाबाईला ओटीवर एक पळसाचं पान दिसलं. देठासकट. कालच्यातलं पडलं असेल म्हणून तिनं उचलून ठेवलं. दशमीला आणखी एक. एकादशीला आणखी एक. अर्थात आळ आला माझ्यावर. गोपाळपंत काठी घेऊन घरी आले. माझी कीर्तीच तशी. मी शपथा घेतल्या, माझ्या शपथांवर कोण विश्वास ठेवतो. शेवटी आम्ही दोघं रात्रभर ओटीवर पाळतीला बसलो, मध्ये दिवा ठेवून. कुणी आलं नाही. पहाटे दिव्याची वात सारायला गोपाळपंत वाकले, मी त्यांच्या हाताकडं बघितलं. तेवढंच. मान वर केली तर आमच्या दोघांच्या मध्ये पान होतं.

त्यानंतर गोपाळपंत त्या विषयावर बोलले नाहीत. घराची ती बाजूच त्यांनी वहिनीला देऊन टाकली.

सगुणाबाई रोज पान उचलायची. दोऱ्यात ओवून ठेवायची. पुढच्या पौषात एक दिवस मला बोलावलं, माळ पुढ्यात टाकली. म्हणाली, मोजा. मी मोजली. तुम्ही ओळखलंत. बरोबर तेवढीच.

"हा कोण आहे मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "पण तो थंडीत उभा आहे."

मोठ्या भटजींनी अंग काढून घेतलं. नाव नाही, गाव नाही, कुणाचा विधी करायचा? मग ती मला म्हणाली, तुम्ही करा. मी म्हटलं, बाई, मला अर्धेच मंत्र येतात. ती म्हणाली, त्याला तेवढे पुष्कळ. ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याला काश्यप गोत्र लावतात, तेवढं मला येत होतं. काश्यप गोत्राचा कुणीतरी एक, आम्ही तिघांनी नदीवर नेऊन जाळला. ती, मी आणि गेनबा. गेनबा दर वेळी देठ निरखून बघायचा. भावाला देठावरून कसं ओळखणार होता, कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी ओटीवर नवं पान.

असं वर्षाला एक माणूस. गेनबा गेला तेव्हा अकरा झाले होते. गेल्या आषाढात सगुणाबाई गेली तेव्हा पंचवीस. सव्विसावा मी एकट्यानं केला, श्रावणात, पावसात, लाकडं पेटता पेटेनात. घराला आता कुलूप आहे, गोपाळपंतांचा मुलगा नोकरीवर साताऱ्याला असतो. मी रोज पहाटे ओटीवर जातो आणि पान घेऊन येतो. तुम्हाला वाटतं म्हातारा देवदर्शनाला जातो. कालपर्यंत सत्ताविसाव्याची एकशे पस्तीस झाली.

आज सकाळी गेलो... ओटीवर पान नव्हतं.

बसून राहिलो. ऊन आलं. नव्हतंच. आता मी साठीचा. गुडघे गेले. तीनशेसाठ पुरी करीन असा भरवसा माझा मलाच नाही. माझ्याआधी हे कुणीतरी ओळखलेलं दिसतं.

संध्याकाळी इथं यायला निघालो. बाळ्या, तुझ्या दाराची पायरी चढलो, आणि थांबलो. तुम्ही आतून ओरडलात, काका, या, शेकोटी पेटली. मी आलो. बसलो. बोलत राहिलो.

थट्टा म्हणायची तर म्हणा. मी आणून ठेवलं म्हणा. आयुष्यभर तेवढंच कमावलंय मी.

पण मी ते पान उचललं नाही. आज पहिल्यांदा उचललं नाही.

पायरीवर आहे अजून. उंबऱ्याकडं देठ करून.